फिलर स्लॅब, रॅट-ट्रॅप, चुना, सोलर: घर थंड नेमकं कशानं राहतं?

(घरबांधणीवरच्या चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

साताऱ्याच्या बाजूला बैठं घर बांधायचं आहे, ९५० चौरस फूट. जमीन मुरमाड, साडेतीन-चार फुटांवर कठीण मुरूम लागतो. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही, त्यामुळे बदलाला वाव आहे. मागणं दोनच: मे महिन्यात एसीविना झोपता यावं आणि सिमेंट-लोखंड होईल तितकं कमी लागावं.

यादीत सध्या इतकं आहे: मंगलोरी कौलं घालून फिलर स्लॅब, रॅट-ट्रॅप बाँडच्या (आतून पोकळ) भिंती, आतून चुन्याचा गिलावा, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर. '३० टक्के बचत' आणि 'पाच अंश थंड' हे दोन आकडे व्हिडिओ बघून बघून पाठ झालेत, पण ते आले कुठून हे कोणी सांगत नाही. स्लॅब भरणारे ठेकेदार म्हणतात फिलरच्या भानगडीत पडू नका, गळतं. जाणकारांनी एकेक गोष्ट सोलून सांगावी. सगळ्यात मोठी खोली १२ बाय १५ फूट आहे, हिशोब तिच्यावर मांडला तरी चालेल.

ओळंबा

आधी फिलर स्लॅब, कारण सगळ्यात जास्त पतंग त्याच्याच नावाने उडतात.

तत्त्व सोपं आहे. स्लॅबवर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कुचकामी. ताण सळई घेते. ५ इंची स्लॅबमध्ये दाब घेणारा थर वरचा जेमतेम इंचभर असतो. खालच्या काँक्रीटचं मुख्य काम सळई धरून ठेवणं आणि शिअर (कातरणारा जोर) पेलणं. त्यामुळे सळयांच्या मधल्या चौकटीत काँक्रीटऐवजी हलकी वस्तू घातली तरी चालतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे कौलांनी करून दाखवलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं.

आता तुमची खोली. १२ बाय १५ म्हणजे ३.६ बाय ४.५ मीटर. स्लॅब १३० मिमी धरू. नुसता भरीव स्लॅब भरला तर २.१ घनमीटर काँक्रीट.

कौल साधारण ४१० बाय २३५ मिमी. दोन कौलं पोटाला पोट लावून ठेवली की जोडीची जाडी ७० मिमीच्या आसपास, वर ६० मिमी काँक्रीट उरतं. दोन जोड्यांमध्ये १०० मिमीची बरगडी, तिच्यात सळई. चारही भिंतींलगत किमान ३०० मिमी पट्टा भरीव ठेवायचा, कारण आधाराजवळ शिअर सगळ्यात जास्त असतो. उरलेल्या ३.० बाय ३.९ मीटरमध्ये लांबीत ७ आणि रुंदीत ९ जोड्या बसतात. ६३ जोड्या, १२६ कौलं.

एका जोडीचं आकारमान ०.००६७ घनमीटर, म्हणजे ६३ जोड्यांनी ०.४२ घनमीटर काँक्रीट वाचलं. २० टक्के. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला ८ पोती धरली तर साडेतीन पोत्यांच्या आतबाहेर सिमेंट. आतल्या भिंतीवरून स्लॅब पुढच्या खोलीत सलग जात असेल तर त्या बाजूला भरीव पट्टा एक चतुर्थांश गाळ्याइतका (गाळा म्हणजे आधारापासून आधारापर्यंतचं अंतर), इथे ९०० मिमी ठेवावा लागतो, कारण तिथे ताण वरच्या अंगाला येतो आणि दाब खाली. मग ४९ जोड्याच बसतात आणि बचत १५-१६ टक्क्यांवर येते. ३० टक्क्यांचा आकडा ऐकला की समजायचं, कडेचा पट्टा सोडलेला नाही.

साडेतीन पोत्यांच्या बदल्यात कौलं विकत घ्यायची, भिजवायची, मांडायची, सेंट्रिंगवाल्याचा एक दिवस जास्त. पैशात फार काही हाती लागत नाही. फायदा वजनात आहे: कौलांचं वजन धरूनसुद्धा खोलीमागे ७०० किलोच्या आसपास स्लॅब हलका होतो. आणि खालून दिसायला देखणा. त्यासाठी करायचा असेल तर जरूर करा.

सळईवाला

ओळंबांच्या हिशोबाला कामाची बाजू जोडतो.

सेंट्रिंगची फळी स्टीलच्या प्लेटांची नको. जोडांच्या रेघा कौलांवरून आडव्यातिडव्या उमटतात आणि सांध्यातून सिमेंटचं दूध गळतं. १२ मिमीचा फिल्म लावलेला प्लाय घ्या, त्यावर खडूच्या दोरीने चौकट आखा. कौलं मांडायच्या आधी पाण्यात तीन-चार तास बुडवा. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतं आणि बरगडीत नेमकं सळईभोवतीचं काँक्रीट भुसभुशीत राहतं. जोडीच्या फटी सिमेंट-वाळूने बुजवा, नाहीतर आतली हवेची पोकळी स्लरीने भरते आणि सगळा खटाटोप फुकट.

खालच्या कौलाचा गुळगुळीत चेहरा प्लायवर बसला पाहिजे. सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक, दगडाचे तुकडे नकोत. वरच्या ६० मिमी थरात तापमानाच्या (आकसणं-फुगणं झेलणाऱ्या) सळया स्वतंत्र लागतात. त्या न टाकल्याने कौलाच्या कडेकडेने केसासारख्या भेगा पडतात, आणि ठेकेदार ज्याला 'फिलर गळतो' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

भरताना कौलांवरून चालू द्यायचं नाही. फळ्या टाकून पाट तयार करा, फळ्या सळयांच्या खुर्च्यांवर टेकलेल्या असाव्यात. खडी १२ मिमीच्या आतली मागवा. व्हायब्रेटरची सुई २५ मिमीची, तीही फक्त बरगडीत. ४० मिमीची सुई कौलाला लागली की कौल फुटतं आणि ते कळतं फळी काढल्यावर. पाणी किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस, आळं करून.

बाथरूम आणि टाकीखालचा स्लॅब भरीवच ठेवा.

गच्चीवाला

दोघांचंही बरोबर, पण धागाकर्त्याचा पहिला प्रश्न थंडाव्याचा आहे आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. माझं मत: फिलर स्लॅबने खोली थंड होते ही समजूत हिशोबात टिकत नाही.

६३ जोड्यांनी व्यापलेलं क्षेत्र ६ चौरस मीटर, खोली १६.२ ची. म्हणजे छताच्या ३७ टक्के भागातच हवेची पोकळी आहे. बाकीच्या ६३ टक्क्यांत, म्हणजे बरगड्या आणि कडेच्या पट्ट्यात, उष्णता भरीव काँक्रीटमधून सरळ खाली येते. उघड्या काँक्रीट स्लॅबचं यू-मूल्य (उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) साडेतीनच्या आसपास असतं. कौलांच्या जागी ते सव्वादोनपर्यंत येईल, पण सरासरी काढली तर ३ च्या घरात. निवासी इमारतींसाठी केंद्राची जी इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली तिच्यात छतासाठी कमाल १.२ सांगितलंय. ३ आणि १.२ मध्ये केवढी दरी आहे बघा.

आणि छतच का महत्त्वाचं? मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या बरोब्बर डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुणे-साताऱ्याकडे दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि असं करत मेअखेरीस खानदेशात पोचतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मारा गच्चीवर. बैठ्या घरात प्रत्येक खोलीच्या डोक्यावर गच्ची आहे. भिंतीत काय घालायचं हा दुसरा प्रश्न, आधी गच्चीचा निकाल लावा.

खालून वर थर असे:

स्लॅब. त्यावर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, उतार किमान १०० ला १, सरासरी जाडी ४ इंच. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. त्यावर एक्सपीएसची (दाट प्लॅस्टिक फोमची) शीट, २५ ते ४० मिमी, घनता घनमीटरला ३२ किलो किंवा जास्त. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड. त्यावर कोंबडी जाळी घालून ४० मिमी स्क्रीड (सिमेंटचा थर) आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर).

कोबा आणि २५ मिमी एक्सपीएस मिळून यू-मूल्य ०.८ च्या आसपास येतं, ४० मिमीला ०.६. एक्सपीएसऐवजी साधा थर्माकोल घालू नका. दिसायला भाऊ-भाऊ, पण थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरतं, आणि ओला थर्माकोल उष्णता नीट अडवत नाही. शीट वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवायचं कारण असं की मग वॉटरप्रूफिंगला ऊन लागत नाही. उन्हात रोज फुगून-आकसूनच ते फाटतं. स्क्रीडचे दीड-दीड मीटरचे तुकडे पाडा, सांध्यात सीलंट भरा. सलग ओतलं की पहिल्या उन्हाळ्यात नकाशा उमटलाच.

वीटभट्टी

रॅट-ट्रॅपवर लिहितो. यात एक गोष्ट केरळातून आलेल्या माहितीत नसते आणि आपल्याकडे तिथेच घोळ होतो: विटेचा आकार.

रॅट-ट्रॅपमध्ये विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करतात. दोन विटा समांतर, मग एक आडवी, पुन्हा दोन समांतर. मध्ये उंदराच्या सापळ्यासारखी पोकळी. २३० बाय ११० बाय ७५ ची वीट घेतली तर भिंत ९ इंची होते आणि पोकळी २३० वजा १५० म्हणजे ८० मिमी. चौरस मीटरला ७७ विटा लागतात. तशाच भरीव भिंतीला ९८. बचत २१ टक्के, मसाल्याची त्याहून जास्त.

पण पश्चिम महाराष्ट्रात गावठी भट्टीवर ९ बाय ६ बाय ४ इंची वीटही सर्रास मिळते. तिची रॅट-ट्रॅप केली तर पोकळी राहते ३० मिमी, आणि विटा लागतात ५४, भरीवला ५७. म्हणजे ६ टक्क्यांसाठी गवंड्याला नवी पद्धत शिकवायची! त्यापेक्षा ती वीट आडवी घालून साधी भिंत बांधा.

तेव्हा ७५ मिमीची वीट मिळते का ते आधी बघा. फ्लाय अॅशची (राखेची) वीट या मापात मिळते, कडा सरळ असतात, दोन्ही चेहरे दिसण्याजोगे. खाच असलेली वीट असेल तर खाच पोकळीच्या बाजूला.

बांधताना:

जोत्यावरचा पहिला थर, खिडकीच्या उंबऱ्याखालचा, लिंटेलखालचा (दारा-खिडक्यांवरच्या तुळईखालचा) आणि स्लॅबखालचा थर भरीव. दारा-खिडक्यांच्या कडाही भरीव.

मसाला पसरताना पोकळीवर ७५ मिमी रुंद लाकडी पट्टी ठेवायची, मसाला लावून झाला की उचलायची. पट्टी नसेल तर निम्मा मसाला पोकळीत जातो. मग मसाल्याची बचत तर नाहीच, शिवाय आत पडलेल्या गोळ्यांवरून पावसाचं पाणी बाहेरच्या विटेतून आतल्या विटेत पोचतं.

वायरिंगच्या नळ्या बांधतानाच पोकळीतून उभ्या सोडायच्या. नंतर ग्राइंडरने झिरी मारायची नाही. ७५ मिमीच्या पापुद्र्यात २५ मिमीची झिरी म्हणजे तिथे भिंत संपलीच. स्वयंपाकघरातली कपाटं, गीझर, टीव्हीचा ब्रॅकेट कुठे येणार ते आधी ठरवून त्या जागी भरीव थर घ्या. हे विसरलं की फास्टनर पोकळीत लोंबकळतो.

गढी

भिंती-छतांचा विषय निघालाच आहे तर धाब्याच्या छताचा विचार का होत नाही? मराठवाडा-सोलापुरात माळवदाच्या घरांत भर मेमध्ये गारवा असतो. दीड फूट माती, खाली लाकडी तुळया. एक्सपीएस कारखान्यातून आणण्यापेक्षा हे जास्त पर्यावरणस्नेही नाही का?

ओळंबा

गारवा असतो, वाद नाही. पण वजन बघा. दीड फूट दाबलेली माती म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या वर. वर सांगितलेला १३० मिमीचा भरीव स्लॅब सव्वातीनशे किलो. भूकंपात छताचं वजन जितकं जास्त तितका भिंतीवर आडवा धक्का जास्त. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं दगावली ती मुख्यतः यानेच: मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचं ओझं. भिंतीचे दोन थर सुटले आणि छत खाली आलं.

सातारा जिल्ह्यात कोयना आहे, १९६७ चा भूकंप विसरून चालणार नाही. त्यामुळे रॅट-ट्रॅप करताना वीटभट्टींच्या यादीत आणखी दोन गोष्टी हव्यात. जोतं, खिडकीचा उंबरा, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर काँक्रीटची सलग पट्टी. दाराशी उंबऱ्याची पट्टी थांबते, बाकीच्या घरभर अखंड. आणि प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक 'टी' जोडात, दाराच्या दोन्ही अंगांना पोकळीत एक उभी १२ मिमीची सळई, पायापासून स्लॅबपर्यंत, भोवती एम-२० काँक्रीट. पोकळी आयतीच आहे, फर्मा लागत नाही. दर तीन थरांनी काँक्रीट ओतून ठोसत जायचं. एकदम वरून ओतलं तर मध्ये पोकळ राहतं आणि सळई गंजते.

जांभा

हा धागा वाचून कोकणात कोणी रॅट-ट्रॅप करायला जाऊ नये म्हणून एवढंच: तीन हजार मिमी आडव्या पावसात उघडी पोकळ भिंत चिंब होते. तिथे चिऱ्याची भिंत, उतरतं कौलारू छप्पर आणि अडीच-तीन फुटांची पागोळी याला तोड नाही. चिराही खाणीतून काढला की लगेच वापरायचा नाही, उघड्यावर ठेवला की कठीण होत जातो. साताऱ्यात भिंतीचा पश्चिमेचा चेहरा तरी १:३ मसाल्याने दाबून पॉइंटिंग करा आणि वर दोन फुटांचा छज्जा काढा.

चुनखडी

चुन्याच्या गिलाव्याने घर पाच अंशांनी थंड होत नाही. १८ मिमीचा थर कितीही चांगला असला तरी १८ मिमीच. चुना घ्यायचा तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो म्हणून, दमटपणा शोषून परत सोडतो म्हणून, आणि सिमेंटचा गिलावा वाचतो म्हणून.

कळीचा चुना आणा, पिशवीतली पूड नको. ती किती दिवस हवा खात पडलीय ते कळत नाही, आणि हवा खाल्लेला चुना म्हणजे खडूच. हौदात आधी पाणी, मग त्यात कळ्या थोड्या थोड्या. उलटं करू नका. कळ्यांवर पाणी ओतलं की उकळी फुटून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा लागतोच लागतो, चुन्याने डोळा जातो. निवळ झाली की जाळीतून गाळून दुसऱ्या हौदात, वर चार बोटं पाणी ठेवून किमान १५ दिवस मुरवा, महिना मिळाला तर उत्तम. न मुरलेला दाणा गिलाव्यात नंतर फुलतो आणि भिंतीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

मिश्रण: १ भाग चुन्याचा लगदा, १ भाग सुरखी (विटेची पूड), २ भाग वाळू. सुरखी सेंदरी रंगाच्या, कमी भाजलेल्या विटेची. खंगर विटेची सुरखी नुसती खडी, ती चुन्याशी काही करत नाही. क्रश सँड चालते, पण धुऊन, कारण तिच्यातल्या भुकटीने भेगा पडतात. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालतात त्याने काम लवचीक होतं. गूळ जास्त झाला तर गिलावा बसायला वेळ लागतो आणि मुंग्यांची रांग लागते ती वेगळीच.

पहिला हात १२ मिमीपेक्षा जाड नको. नखाने ओरखडा निघेनासा झाला की, साधारण ८-१० दिवसांनी, दुसरा हात ६ मिमी. मधल्या काळात थापीने ठोकत राहायचं, भेग दिसली की लगेच मिटवायची. दोन आठवडे दिवसातून दोनदा बारीक फवारा. पाइपचा फवारा नव्हे. उन्हाच्या बाजूला गोणपाट. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन घट्ट होतो, त्याला ओलही लागते आणि हवाही. म्हणून हे काम दिवाळी ते शिमगा या दिवसांतच काढा.

गवंडी हमखास म्हणेल, 'साहेब, थोडं सिमेंट टाकू, पटकन धरेल.' टाकू देऊ नका. ना धड चुना राहतो ना धड सिमेंट. आणि एवढं करून वर प्लॅस्टिक पेंट मारला तर भिंतीला पिशवीत घातल्यासारखं झालं. चुन्याचाच रंग द्या.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. चित्र बरंच पालटलं. फिलर फक्त बाहेरच्या खोलीत, देखणेपणासाठी ठेवतो. गच्चीचे थर गच्चीवाला यांनी सांगितलेत तसे. तीन शंका.

एक, गच्चीवर सोलर येणारच आहे तर त्याच्या सावलीने एक्सपीएस वाचेल का? दोन, एवढा कोबा आणि स्क्रीड घातला तर फिलरने वाचवलेलं वजन परत आलंच की! तीन, गच्चीवरचं पाणी साठवायचं आहे, चायना मोझॅकवरून चालेल ना?

गच्चीवाला

दुसरी शंका रास्त. ४ इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, स्क्रीड ८०-९०. कमी करायचं असेल तर उतार कोब्यात न देता स्लॅबलाच द्या: सेंट्रिंग बांधताना एका बाजूला ठोकळे चढवून. १२ फुटांत दीड इंच फरक, खालून डोळ्याला कळत नाही. मग कोबा लागतच नाही, वॉटरप्रूफिंग सरळ स्लॅबवर. एक्सपीएस मात्र ४० मिमी घ्या, कोब्याची थोडी भर गेलेली असते.

सोलर: ३ किलोवॅटला ५४० वॅटची ६ पॅनेल, मिळून साडेपंधरा चौरस मीटर. म्हणजे नेमकी तुमची एक खोली झाकली जाते, घर नव्हे. पॅनेलखाली सावली उत्तम पडते, म्हणून ती कुठे पाडायची ते ठरवा: पश्चिमेच्या झोपायच्या खोलीवर. त्या खोलीवर एक्सपीएस २५ मिमी केलं तरी चालेल, बाकीकडे कमी करू नका.

पॅनेल गच्चीला चिकटवू नका. खाली हवा खेळली नाही तर ती तापतात, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला वीजनिर्मिती अर्धा टक्क्याच्या जरा आत घटते. दोन फूट उंचीही पुरते. सात-आठ फुटी मांडवासारखा सांगाडा केला तर खाली वावरता येतं, पण वाऱ्याचा उचल-जोर वाढतो आणि लोखंडही.

यात एकच चूक सगळेजण करतात. गच्चीचं काम झाल्यावर सोलरवाला येतो, ड्रिल घेऊन वॉटरप्रूफिंगला १२ भोकं पाडतो आणि वर सीलंटचा लपका मारतो. त्यापेक्षा स्लॅब भरतानाच पायांच्या जागी सळया वर काढून ठेवा, एक-एक फुटाचे काँक्रीटचे ठोकळे ओता, आणि वॉटरप्रूफिंग त्या ठोकळ्यांवर ८ इंच चढवा. परापेटला (गच्चीच्या कठड्याला) जशी वाट मारतो, म्हणजे कोपरा गोलसर भरतो, तशी प्रत्येक ठोकळ्याभोवती. त्यासाठी सोलरवाल्याकडून पायांचा नकाशा स्लॅबच्या आधी घ्यावा लागेल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनेल देशी बनावटीची असली पाहिजेत. कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

पन्हळ

पाण्याचं मी सांगते. ९५० चौरस फूट म्हणजे ८८ चौरस मीटर. पाऊस १००० मिमी धरला आणि २० टक्के वाया गेला तरी वर्षाला ७०,००० लिटर. चायना मोझॅक यासाठी झकास, गुळगुळीत असल्याने घाण धरत नाही. पहिला पाऊस टाकून द्यायचा: २ मिमी धरले तर १७५ लिटर, म्हणजे २०० लिटरचा एक पिंप पन्हळीच्या तोंडाशी, तळाला बारीक तोटी कायम थोडी उघडी. पिंप भरलं की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे. पाइप ४ इंची, दोन ठिकाणी. एकच काढला आणि त्यात पान अडकलं की गच्चीचं तळं होतं.

मोझॅक न करता चुन्याची सफेदी मारणार असाल तर पहिले तीन-चार मोठे पाऊस साठवू नका, पाणी चुनकट येतं. सफेदी दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावी लागते. मोझॅकलाही फुकट समजू नका. धूळ आणि शेवाळाने पांढऱ्याचा मळकट झाला की ऊन परत फेकायची ताकद बरीच घटते. फेब्रुवारीअखेर एकदा ब्रशने धुवायचा. तुकडे पांढरेच घ्या, दुकानदार स्वस्तात रंगीत गळ्यात मारतो.

आणि खिडक्यांबद्दल कोणी बोललंच नाही. दिवसभर भिंती-छताने साठवलेली उष्णता रात्री बाहेर काढायची तर वारा लागतो. १८० चौरस फुटांच्या खोलीला उघडणारी जागा किमान २२ चौरस फूट ठेवा, समोरासमोरच्या दोन भिंतींत वाटून. 'उघडणारी' हा शब्द महत्त्वाचा: स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. झडपांची खिडकी जवळपास सगळी उघडते. वर छतालगत एक जाळीचा झरोका, कारण गरम हवा तिथेच तुंबते. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली टाका, झोपायची खोली नको.

उंबरठा

झोपायची खोली पूर्वेला हलवता येते, नकाशात आजच बदल सांगतो. मग सोलरही त्याच खोलीवर का?

गच्चीवाला

मग पॅनेल जिथे दिवसा जास्त वावर आहे तिथे न्या. फक्त दक्षिणेला पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली येऊ देऊ नका. डिसेंबरात सूर्य भर दुपारीसुद्धा ४९ अंशांच्या आसपासच असतो, टाकीची सावली लांब पडते, आणि एका पॅनेलवर सावली पडली तरी सबंध रांगेची वीज घसरते.

उंबरठा

शेवटचं. बाहेरच्या खोलीत फिलर आहे तर पंख्याचा हूक कुठे?

सळईवाला

बरोबर मध्ये जिथे जोडी येते ती गाळायची, तिथे भरीव काँक्रीट. ओळंबांच्या मांडणीत ७ बाय ९ आहे, दोन्ही विषम, त्यामुळे मधली जोडी नेमकी खोलीच्या मध्यावर येते, पंखा तिथेच. हूक १२ मिमी सळईचा, दोन्ही टोकं मुख्य सळयांवर अडकवून बांधलेली. पंख्याची पेटी आणि नळी बरगडीतूनच आणा. कौलाखालून आणली तर तेवढं कौल वर उचललं जातं आणि खालून दात पडल्यासारखं दिसतं. ६२ जोड्या झाल्या, १२४ कौलं. मागवताना १५० मागवा, टेम्पोतून उतरवताना फुटतातच.